साथीचे दिवस आणि परतीची वाट

मार्च २०२० च्या मध्यास सरकारी हुकमानें महाविद्यालयें बंद झालीं, त्या आठवड्यांत मी पहिल्या वर्षाच्या वर्गास फ्रेंच राज्यक्रांति शिकवीत होतों. १७८९ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या बाजारांतील बायका भाकरीसाठीं व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या, तेथपर्यंत आम्ही आलों होतों. तासाची घंटा होतां होतां खिडकीजवळच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, ह्या बायकांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं आहेत का?" प्रश्न चांगला होता, परंतु उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतें. "पुढच्या तासाला सांगतों," असें म्हणून मीं पुस्तक मिटलें. तो पुढचा तास आलाच नाहीं. पंधरा दिवसांची म्हणून मिळालेली सुटी सुमारें एकोणीस महिने लांबली. आणि ऑक्टोबर २०२१ मध्यें वर्ग पुन्हां रीतसर भरूं लागले, तेव्हां तो बाक रिकामा होता.

त्या एकोणीस महिन्यांत मी काय करीत होतों, असें कोणीं विचारलें तर "शिकवीत होतों" असें उत्तर मी तेव्हां बेधडक दिलें असतें. हजेरीपट, तासांची नोंद, अभ्यासक्रम पुरा केल्याचा दाखला, सर्व कांहीं माझ्या दप्तरांत व्यवस्थित आहे. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते. दप्तर जितकें व्यवस्थित, तितका त्याचा संशय बळावतो. म्हणून ती हकीकत पूर्वींच्या साथींच्या शेजारीं मांडून पाहावी, आणि त्यांतून कांहीं बोध निघतो कीं काय हें शोधावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आरंभ न्यूटनपासून करणें भाग आहे. कारण त्या मार्च-एप्रिलमध्यें सुशिक्षितांच्या मोबाईलवर न्यूटनची गोष्ट सारखी फिरत होती. १६६५ मध्यें प्लेगमुळें केंब्रिज विद्यापीठ ओस पडलें, नुकताच पदवीधर झालेला न्यूटन आपल्या वुल्सथॉर्प या गांवीं परतला, आणि १६६७ पर्यंतचा बहुतेक काळ तेथें राहून त्यानें गणित, प्रकाश व गुरुत्वाकर्षण यांवरील आपल्या महान् विचारांचा पाया घातला. गोष्ट खरी आहे. मींहि ती माझ्या विद्यार्थ्यांना उत्साहानें पाठविली. पुढें केव्हां तरी मनांत आलें कीं, न्यूटनबरोबर केंब्रिज सोडून आपापल्या गांवीं गेलेल्या इतर विद्यार्थ्यांचें काय झालें? त्यांच्यापैकीं किती परत आले? ज्याच्या घरीं शेत होतें, वाडा होता, निवांतपणा होता, आणि ज्याच्या डोक्यांत न्यूटनची बुद्धि होती, त्याला शिक्षकाची गरज नव्हती. साथीच्या काळांतील शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा तो न्यूटनचा नव्हे, तर ज्यांना शिक्षकावांचून चालत नाहीं अशा सामान्य मुलांचा.

आपल्याकडील साथ पाहूं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनीं गांठीचा प्लेग ओळखला. थोड्याच महिन्यांत तो पुण्यांत शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. आणि वाचकांस नवल वाटेल, परंतु मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें जे निर्बंध लादले ते याच एकशेंतेवीस वर्षांपूर्वींच्या कायद्याच्या आधारें. १८९७ च्या पुण्यांत घरांच्या झडत्या झाल्या, लोकांना छावण्यांत नेण्यांत आलें, संताप वाढला, आणि २२ जूनच्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँडवर गोळ्या झाडल्या. हा भाग शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतो. त्याच वर्षीं १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करितां करितां, सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. महाराष्ट्रांतील मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणारी ही शिक्षिका शेवटीं साथीलाच बळी पडली, ही गोष्ट मात्र आम्हां अध्यापकांच्या ध्यानांत असावी तितकी नसते.

प्लेग एका हंगामानें संपला नाहीं. तो पुण्यांत पुढें कित्येक वर्षें येत राहिला. साथ आली कीं गांव बाहेर पडावें, शेतांत झोपड्या घालून राहावें, साथ ओसरली कीं परत यावें, असा त्या पिढीचा क्रम झाला होता. याच काळांत फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे एक प्राध्यापक होते. ते १८९१ पासून तेथें शिकवीत होते, आणि १८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला होता. १९०० मध्यें हा आश्रम पुण्याबाहेर हिंगणें येथें, माळावरील एका झोपडींत गेला. धोंडो केशव कर्वे कॉलेजांतील काम आटोपून शहरापासून सुमारें चार मैलांवर असलेल्या त्या झोपडीकडे पायीं जात. रस्ता चिखलाचा, अंगावर संसाराचा भार, लोकांची निंदा पाठीशीं, आणि पलीकडे शिकणाऱ्या मुली मोजक्या. तरीहि हा क्रम चालला. ज्या मुली शाळेंत येऊं शकत नव्हत्या, त्यांच्यापर्यंत शाळेनें जावयाचें, इतका साधा हिशोब त्यामागें होता.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा याहून भयंकर होता. जूनमध्यें तो मुंबईंत आला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेंत त्यानें देशांत कोट्यवधि माणसें नेलीं. १९११ ते १९२१ या दशकांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली. शिरगणतींत असें दुसरें दशक नाहीं. परंतु ती साथ इतक्या वेगानें आली आणि गेली कीं, वर्ग बंद ठेवून शिक्षण चालू ठेवण्याचा प्रश्नच उभा राहिला नाहीं.

तो प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो अमेरिकेंत, शिकागो शहरीं, सप्टेंबर १९३७ मध्यें. बालपक्षाघाताच्या म्हणजे पोलिओच्या साथीमुळें शाळा उघडतां येईनात. तेव्हां तेथील शिक्षणखात्यानें तिसरी ते आठवी इयत्तांच्या सुमारें तीन लाख पंधरा हजार मुलांना रेडिओवरून शिकविण्याचें ठरविलें. रेडिओ-केंद्रांनीं वेळ फुकट दिला. दिवसाचे धडे आणि प्रश्न वर्तमानपत्रांतून छापून येऊं लागले. धडा पंधरा मिनिटांचा असे. आतां यांतील विशेष पाहा. पंधरा मिनिटें मास्तर बोलले म्हणजे काम झालें, असें त्या खात्यानें मानलें नाहीं. मध्यवर्ती कचेरींत दूरध्वनीपाशीं शिक्षक बसविले, आणि ज्या पालकाला वा मुलाला शंका असेल त्यानें तेथें विचारावें, अशी सोय केली. पहिल्याच दिवशीं इतके दूरध्वनी आले कीं तेथील माणसें वाढवावीं लागलीं. कांहीं घरांत रेडिओ नव्हता, कांहीं ठिकाणीं आवाज नीट येत नव्हता; त्या तक्रारीहि याच वाटेनें कचेरीला कळल्या. कांहीं आठवड्यांत शाळा उघडल्या आणि हा प्रयोग संपला.

याच्याहि मागें जावयाचें तर १८४० सालीं इंग्लंडांत पेनी टपाल सुरू झालें, आणि बाथ येथील आयझॅक पिटमन यानें त्या स्वस्त टपालाच्या जोरावर लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यांनीं उतारे लघुलिपींत लिहून टपालानें पाठवावे, पिटमननें ते तपासून परत धाडावे, अशी ती पद्धति होती. दिल्ली विद्यापीठानें १९६२ मध्यें पत्रद्वारा शिक्षणाची शाळा काढली. १९८५ मध्यें इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्यें नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालें, तीं याच वंशांतलीं. मधल्या काळांत, १९७५-७६ मध्यें, अमेरिकन उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें चोवीसशें खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचाहि प्रयोग झाला.

या सर्व प्रकारांत साधनें निरनिराळीं आहेत. कोठें टपाल, कोठें रेडिओ, कोठें उपग्रह, आणि कोठें नुसते दोन पाय. परंतु जेथें जेथें शिक्षण खरोखर रुजलें, तेथें तेथें एक गोष्ट समान दिसते. शिक्षकाचा शब्द विद्यार्थ्याकडे जाण्याची वाट होती, तशी विद्यार्थ्याचा शब्द शिक्षकाकडे येण्याचीहि वाट होती. पिटमनकडे उतारे परत येत, शिकागोच्या कचेरींत दूरध्वनी वाजत, आणि हिंगण्याच्या झोपडींत तर मास्तर स्वतःच समोर बसलेले असत. या दुसऱ्या वाटेला मी परतीची वाट म्हणतों. हें सूत्र आज मी सहज सांगत आहें. परंतु २०२० मध्यें तें माझ्या ध्यानीं आलें नव्हतें, याची कबुली आतां देतों.

२४ मार्च २०२० च्या रात्रीं देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. प्रथम कांहीं आठवडे गोंधळांत गेले, आणि नवीन वर्षाचे तास ऑगस्टपासून मोबाईल व लॅपटॉप यांवर सुरू झाले. माझी दिनचर्या अशी असे: आठ वाजतां अंघोळ आटोपून, इस्त्रीचा सदरा आणि खालीं घरचाच लेंगा, अशा वेषांत मी झोपण्याच्या खोलींत टेबलाशीं बसें. लॅपटॉपचा डोळा माझ्या डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून त्याच्याखालीं रियासतीचे दोन खंड ठेवलेले असत. सरदेसायांनीं क्षमा करावी. पाठीमागें पुस्तकांचें कपाट दिसेल अशी खुर्चीची जागा मुद्दाम निवडली होती. स्वयंपाकघरांतील कुकरच्या शिट्या माझ्या व्याख्यानांत मिसळूं नयेत म्हणून आमच्या घरांत वरणभाताची वेळ बदलली गेली. दुसऱ्या खोलींत माझा मुलगा त्याच्या कचेरीचें काम करी. दोघांचे आवाज एकमेकांत गेले कीं घरांत वाद होई.

नऊ वाजले कीं पडद्यावर एकेक चौकोन उमटूं लागे. चौकोनांत चेहरा नसे, नांवाचें पहिलें अक्षर असे. "ऐकूं येतें का?" असें मीं विचारावें, दोघांतिघांनीं "हो सर" म्हणावें, एखाद्यानें "सर, आवाज तुटतोय" म्हणावें, आणि मग सर्वांनीं आपापले आवाज बंद करून मला एकट्याला पाऊण तास बोलूं द्यावें. तीस वर्षें वर्गांत शिकविलेल्या माणसाला विद्यार्थ्याच्या कपाळावरील आंठी वाचण्याची संवय असते. समजलें नाहीं म्हणजे मागच्या बाकावर जी चुळबुळ होते, ती शिक्षकाचा लगाम असते. येथें लगाम नव्हता. मी भरधाव निघालों. पूर्वीं तीन तासांत होणारें प्रकरण दोन तासांत होऊं लागलें, आणि ह्याचा मला अभिमान वाटूं लागला. तास संपला कीं यंत्र आपण होऊन यादी देई: साठांपैकीं एकावन्न उपस्थित. पूर्वीं इतकी हजेरी कधीं होती? दुपारीं नोंदी भराव्या, सायंकाळीं निरनिराळ्या चर्चासत्रांना हजर राहून प्रमाणपत्रें मिळवावीं, असा दिवस संपे. ऑक्टोबरांत अंतिम वर्षाच्या परीक्षा पर्याय निवडण्याच्या पद्धतीनें घरबसल्या झाल्या, आणि त्याहि पार पडल्या असें आम्हीं मानलें.

त्याच हिंवाळ्यांत एके दिवशीं टपालानें माझ्या घरीं जाड पाकीट आलें. आंत बारा पानें होतीं, वहींतून फाडलेलीं, दोन्ही बाजूंनीं लिहिलेलीं. मंडणगड तालुक्यांतील एका विद्यार्थ्याचा तो निबंध होता. मुदतींत निबंध न आल्यामुळें मीं त्याला शून्य गुण दिले होते, आणि वर "हलगर्जीपणा" असा शेराहि मारला होता. सोबतच्या चिठ्ठींत त्यानें लिहिलें होतें कीं, ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळांत घराचें छप्पर उडालें, कित्येक आठवडे वीज नव्हती. घरांत मोबाईल एकच, तो थोरल्या भावाचा. रेंज मिळते ती गांवावरच्या सड्यावर, आणि पावसांत तेथें छत्री धरून उभें राहावें लागतें. म्हणून तास ऐकतां येतो, परंतु टंकलेला निबंध पाठवितां येत नाहीं. "आपला पत्ता कचेरींतून मिळविला. रागावूं नये," असा शेवट होता. मीं निबंध वाचला. मुद्देसूद होता, आणि त्यांत दोन ठिकाणीं असा गैरसमज होता कीं, तो माझ्याच भरधाव व्याख्यानांतून झाला असला पाहिजे. मीं समासांत शेरे लिहून तो परत पाठविला, गुण दुरुस्त केले, आणि पुढच्या तासाला सांगितलें कीं, ज्याला कागदावर लिहून पाठवावयाचें असेल त्यानें पाठवावें. अकरा पाकिटें आलीं. पिटमनच्या पद्धतीवर मी दरवर्षीं एक तास व्याख्यान देत आलों होतों. ती पद्धति माझ्या टेबलावर येऊन पडली तेव्हां मला ओळखूं आली.

सरकारी पाहणीचे आंकडे मला ठाऊक नव्हते असें नाहीं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरींत ग्रामीण भागांतील शेंकडा पंधरा आणि शहरी भागांतील शेंकडा बेचाळीस घरांत इंटरनेटची सोय असल्याचें दिसलें होतें. संगणक तर ग्रामीण घरांपैकीं शेंकडा साडेचारांतहि नव्हता. हे आंकडे मीं एका चर्चासत्रांत वाचूनहि दाखविले होते. आंकडा वाचणें आणि त्यांतील माणूस ओळखणें, ह्या दोन गोष्टींत अंतर आहे.

त्याचा पुरावा पुढेंच मिळाला. मार्च २०२१ मध्यें परीक्षेचे अर्ज तपासतांना एक नांव सांपडेना. यंत्राच्या याद्या काढून पाहिल्या. नोव्हेंबरच्या अखेरीपासून तें नांव यादींत नव्हतें. साठांपैकीं एकावन्न, मग साठांपैकीं पन्नास. त्या एकाच्या फरकाकडे मीं चार महिने पाहिलेंच नव्हतें. वर्ग समोर असता तर खिडकीजवळचा रिकामा बाक मला पहिल्याच आठवड्यांत टोंचला असता. मीं सोलापूर जिल्ह्यांतील तिच्या घरीं दूरध्वनि केला. वडील बोलले. आवाजांत आदब होती, अपराधीपणा मुळींच नव्हता. "लग्न दिवाळीनंतरच लावून दिलं, सर. पन्नास माणसांत झालं, खर्च वाचला. कॉलेज तर बंदच होतं ना."

"कॉलेज बंद नव्हतें," असें म्हणावयास मी तोंड उघडलें, आणि मिटलें. त्या गृहस्थांचें काय चुकलें होतें? त्यांच्या घरांतून दिसणारें कॉलेज बंदच होतें. उघडें होतें तें माझें दप्तर.

माझ्या एका दूरध्वनीनें तें लग्न टळलें असतें, असा दावा मी करीत नाहीं. गरिबी, धास्ती आणि रूढि यांच्यापुढें शिक्षकाचा शब्द किती टिकतो, हें मला ठाऊक आहे. परंतु डिसेंबरांत विचारपूस झाली असती, तर निदान त्या घराला एवढें कळलें असतें कीं, ही मुलगी कोणाच्या तरी वर्गांत आहे, आणि ती नाहीं हें कोणाच्या तरी लक्षांत आलें आहे. मुलीच्या शिक्षणाला घरांत कधीं कधीं तेवढाच आधार असतो. कर्वे चार मैल चालत गेले. मला जागेवरून उठण्याचीहि गरज नव्हती.

त्या दिवसांत अध्यापकांनींहि पुष्कळ सोसलें, हें येथें नोंदविलें पाहिजे. २०२१ च्या एप्रिल-मे मधील दुसऱ्या लाटेंत माझ्या परिचयाचे दोन अध्यापक गेले. त्यांपैकीं एकानें रुग्णालयांत जाण्याच्या आदल्या दिवशींपर्यंत तास घेतला होता. नव्या साधनाची निंदा करण्याचाहि माझा हेतु नाहीं. तें नसतें तर सड्यावर छत्री धरून उभ्या असलेल्या मुलालाहि कांहींच मिळालें नसतें. माझें म्हणणें इतकेंच कीं, साधनानें जाण्याची वाट अतिशय रुंद केली, आणि त्या रुंदीला भुलून आम्हीं परतीच्या वाटेची चौकशीच केली नाहीं. यंत्राला दोन्ही वाटा होत्या. बंद होती ती आमची संवय.

साथ पुन्हां येणार नाहीं, असें इतिहास सांगत नाहीं. तेव्हां पुढच्या वेळेसाठीं आमच्या संस्थांनीं यंत्रांच्या खरेदीबरोबर एक स्वस्त तरतूद करून ठेवावी. प्रत्येक अध्यापकाकडे वीस विद्यार्थी नांवानिशीं सोंपवावे; आठवड्यांतून एकदां प्रत्येकाची दूरध्वनीनें, पत्रानें, जमेल त्या मार्गानें चौकशी व्हावी; आणि "साठांपैकीं एकावन्न" या नोंदीपुढें उरलेल्या नऊ जणांचीं नांवें लिहिल्यावांचून ती नोंद पुरी समजूं नये. याला पैसा लागत नाहीं, वेळ लागतो.

त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर पुढें मीं शोधलें. व्हर्सायवर चालून गेलेल्या बहुतेक बायकांचीं नांवें लुप्त झालीं आहेत. कांहींचीं राहिलीं आहेत. त्यांत रेन ओदू या नांवानें प्रसिद्ध असलेली एक फळें विकणारी बाई होती. त्या दिवसाबद्दल तिला पुढें तुरुंगवासहि भोगावा लागला. हें सर्व दोन पानांवर लिहून मीं तिच्या वडिलांच्या पत्त्यावर टपालानें पाठविलें, आणि अभ्यास पुन्हां सुरू करावयाचा असेल तर मुक्त विद्यापीठाची वाट मोकळी आहे, असें खालीं लिहून माझा पत्ता दिला. पाकीट परत आलें नाहीं. उत्तरहि अद्याप आलेलें नाहीं. दरवर्षीं पहिल्या वर्षाच्या वर्गांत राज्यक्रांतीचें तें प्रकरण आलें, कीं आतां मी त्या बायकांचीं नांवें कोणीं न विचारतां सांगतों.